आधी भीती विचारा : मुलं वाढवायच्या रीती देशोदेशी इतक्या वेगळ्या का?

माझी मामेबहीण नवी मुंबईत, ऐरोलीत पाळणाघर चालवते. नवीन मूल आलं की आईबाबांनी एका जाड वहीत आपापल्या सूचना लिहून द्यायच्या, असा तिचा दंडक आहे. ती वही मी मध्यंतरी चाळली. एका पानावर लिहिलंय, ‘झोपवताना थोपटू नये, स्वतःचं स्वतः झोपायची सवय लावतोय.’ त्याच्या पाठच्या पानावर, ‘मांडीवरच झोपते, खाली ठेवलं की उठते, शक्यतो ठेवू नये.’ एक आई लिहिते, ‘ताट पुढ्यात ठेवा, हाताने खाऊ दे, सांडलं तर सांडू दे.’ दुसरी लिहिते, ‘वरणात पोळी कुस्करून भरवावी, वाटी पूर्ण संपली पाहिजे.’ पहिल्या घरातले दोघंही आयटीतले, काही वर्षं जर्मनीत ऑनसाइट राहून आलेले. दुसऱ्या घरात आजी आहे. सूचना तिच्याच असाव्यात, अक्षर तेवढं सुनेचं. पाळणाघरात मदतीला येणाऱ्या मावशी दिवागावच्या. त्या वहीच्या वाटेला जात नाहीत. पोर रडलं की मांडीवर घेतात आणि हातातलं काम पुढे चालू ठेवतात.

यात बरोबर कोण, यावर घराघरांत वाद झडतात, नवऱ्याबायकोंत अबोला धरला जातो. पण जगभरचे समाज मुलांशी कसे वागतात याचा पद्धतशीर अभ्यास गेली सत्तर वर्षं चालू आहे आणि त्यातून एक भलताच कामाचा प्रश्न हाती लागतो. लाड किती आणि शिस्त किती, हे मोजण्याआधी विचारायचं, की या लोकांना मुलाच्या बाबतीत भीती कशाची वाटते? भीती कळली, की विचित्र वाटणारी रीतही समजायला लागते.

१९९७ सालची न्यूयॉर्कची गोष्ट घ्या. डेन्मार्कहून आलेल्या एका आईने चौदा महिन्यांच्या मुलीला बाबागाडीत, हॉटेलच्या काचेबाहेर ठेवलं आणि ती मुलीच्या वडिलांबरोबर आत जाऊन बसली. काचेतून गाडी दिसत होती. कोणीतरी पोलिसांना कळवलं. दोघांना अटक झाली, मुलीला काही दिवस सरकारी देखरेखीत ठेवलं गेलं. डेन्मार्कमध्ये लोक चक्रावले. कोपनहेगनला कॅफेबाहेर बाबागाड्यांची रांग ही रोजची गोष्ट. थंड, मोकळ्या हवेत बाळ चांगलं झोपतं आणि कोंदट खोलीत आजारी पडतं, हे तिथल्या आज्या सांगत आल्यात. म्हणजे डॅनिश आईला भीती कोंदट हवेची, न्यूयॉर्कच्या पोलिसाला भीती मूल पळवणाऱ्याची. बाळ तेच, गाडी तीच. आपल्याकडची आजी दोघांनाही झापेल ती तिसऱ्याच कारणासाठी : कानटोपी कुठाय?

हा भीतीचा धागा सगळ्यांत नेटका मांडला तो रॉबर्ट लव्हाइन या मानववंशशास्त्रज्ञाने. त्याचं म्हणणं थोडक्यात असं. जगात कुठेही गेलात तरी आईबापांना मुलाकडून तीन गोष्टी हव्या असतात. एक, ते जगावं. दोन, मोठं होऊन पोट भरण्याइतकं कर्तं व्हावं. तीन, आपल्या समाजात ज्याला चांगलं माणूस म्हणतात तसं व्हावं. पण या तिन्हींना पायरी आहे. जिथे पहिलीचीच खात्री नाही, तिथे बाकीच्या दोन थांबतात. बाळ वर्षाचं होईल की नाही हीच धाकधूक असेल, तर त्याच्या व्यक्तिमत्त्वाच्या विकासाचा विचार कोण करत बसेल?

लव्हाइन आणि त्याचे सहकारी १९७० च्या दशकात केनियातल्या गुसी समाजात तान्ह्या मुलांचा अभ्यास करत होते. शेतकरी समाज, भरपूर मुलं, तान्ही मुलं दगावणं नेहमीचं. तिथल्या आया बाळाला सतत अंगावर बाळगत, रडण्याचा आवाज आला की क्षणात छातीशी घेत. पण त्याच्याशी बोलत नसत, डोळ्यांत डोळे घालून खेळत नसत, कौतुक तर अजिबात नाही. कौतुकाने मूल उद्धट होतं, असं त्यांचं मत. बॉस्टनच्या मध्यमवर्गीय आया नेमकं उलट करत होत्या : बाळ वेगळ्या पाळण्यात, पण जागं असेल तेव्हा अखंड गप्पा, हसणं, खुळखुळे. गुसी बायकांना अमेरिकी आयांची चित्रफीत दाखवली तेव्हा त्या हळहळल्या. बाळ रडतंय आणि ही बाई आधी दुसरंच काहीतरी करत बसलीय! अमेरिकी आईला गुसी आई दाखवली असती तर ती म्हणाली असती, बाळाशी दोन शब्द बोलायला हिचं काय जातं?

दोघींच्या भीत्या शेजारी शेजारी ठेवून बघा. गुसी आईची भीती, बाळ हातचं जाईल. त्यावर उपाय म्हणजे शांत, पोट भरलेलं, अंगाला चिकटलेलं बाळ. थोडंसं कण्हलं तरी कळलं पाहिजे. बॉस्टनच्या आईची ती भीती डॉक्टरांनी आणि नळाच्या स्वच्छ पाण्याने बरीचशी संपवून टाकली होती. तिची भीती म्हणजे मूल शाळेत मागे पडेल. म्हणून सहा महिन्यांच्या बाळाशी संभाषणाची तालीम.

आणि आपण? भारतात १९७१ साली जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १२९ पहिल्या वाढदिवसाआधी जात होती. २०२० साली हा आकडा २८ वर आला, महाराष्ट्रात १६ वर. आजच्या आज्यांचं आईपण त्या पहिल्या आकड्याच्या सावलीत सुरू झालं, त्यांच्या सासवांचं तर त्याहून वाईट काळात. मग गालावरची तीट, मिठमोहऱ्यांची दृष्ट, पाचवीच्या रात्री सटवाईची पूजा, सव्वा महिना बाळाला बाहेर न काढणं, ‘बाळ काय गुटगुटीत आहे हो’ असं म्हणणाऱ्या पाहुणीकडे वाकडी नजर, हे सगळं एका माळेत बसतं. आधीची मुलं जगली नाहीत म्हणून पुढच्याचं नाव दगडू किंवा धोंडू ठेवायचं, म्हणजे मृत्यूला वाटेल हे काही नेण्यालायक नाही. मृत्यूलाच फसवायचा हा घाट. हे लोक मुलांचं कौतुक करत नसत असं नव्हे. उघड कौतुक करायला भीत. आज त्याच आजीची नात मुलाने रंगाची एक रेघ ओढली तरी ‘वाव, सुपर!’ म्हणते. भीती बदलली, तशी जीभ सुटली.

गंमत अशी की भीती जाते पण रीत मागे राहते, पुष्कळदा नवीन कारण चिकटवून. तीट लावायची ती ‘फोटोत छान दिसते’ म्हणून. काजळ डोळ्यांत घालायची रीत मात्र डॉक्टर सांगतात तशी सोडून दिलेलीच बरी, त्यात शिशाचा धोका असतो.

आता झोपेकडे येऊ. या विषयात इतका उद्वेग दुसऱ्या कशाने होत नाही. ग्वाटेमालातल्या माया आयांना संशोधकांनी सांगितलं, की अमेरिकेत तान्ह्या बाळाला वेगळ्या खोलीत झोपवतात. त्यांना धक्का बसला, राग आला आणि त्या बाळांची कीव आली. इकडे अमेरिकी आईला, मूल पाच वर्षांचं होईपर्यंत आईच्या कुशीत झोपतं हे ऐकून मुलाच्या स्वावलंबनाची काळजी वाटते.

रिचर्ड श्वेडर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी याची तुलना शिकागो आणि भुवनेश्वर अशी केली, १९९५ साली ती प्रसिद्ध झाली. त्यांनी लोकांना एक कोडंच घातलं. आई, वडील, मोठे-छोटे मुलगे, एक वयात आलेली मुलगी, एक छोटी. घरात खोल्या इतक्या. कोणाला कुठे झोपवाल? खोल्या कमी-जास्त करून पुन्हा पुन्हा विचारलं. उत्तरांत समाजाचे नियम उघडे पडले. भुवनेश्वरच्या लोकांच्या मनात पक्कं होतं, की छोटं मूल कधीही एकटं झोपणार नाही, वयात आलेली मुलगी वडिलांच्या किंवा मोठ्या भावाच्या खोलीत नाही, पण तिला एकटीही ठेवायचं नाही, आणि वयात येणाऱ्या मुलांना त्यांचा मान. नवराबायकोला स्वतंत्र खोली हवी हा मुद्दा यादीत फार खाली. शिकागोच्या लोकांच्या यादीत तोच नियम बराच वर होता : जोडप्याची खोली जोडप्याची.

हे कोडं आपल्यातल्या किती जणांनी प्रत्यक्षात सोडवलंय! सिडकोच्या, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाच्या, वन रूम किचनमध्ये सहा माणसं, गावाहून दीर आला की सात. दिवाणावर आजोबा, खाली एका रांगेत गाद्या, किचनच्या ओट्याखाली पाय लांबवून मोठा मुलगा अभ्यास करतोय, बारावीचं वर्ष. कोण कोणाशेजारी झोपणार हे कधी कोणी बोलून ठरवलं नाही, पण चुकलंही नाही. श्वेडरच्या कोड्याचं भुवनेश्वरी उत्तर तिथे दर रात्री अंथरलं जायचं. पुढे टू बीएचके झाला, एका खोलीच्या भिंतीवर चांदण्या चिकटवल्या, मुलाला ‘तुझी रूम’ म्हणून दाखवली आणि मूल रात्री उशी घेऊन आईबाबांच्यात येऊन झोपलं. जागा नव्हती म्हणून आपण एकत्र झोपत होतो, हे अर्धंच खरं आहे, हे तेव्हा कळतं.

एक गोष्ट मात्र इथेच सांगून टाकतो, कारण ‘आमच्यात असंच असतं’ म्हणून ती उडवून लावण्यासारखी नाही. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ सांगतात, की निदान पहिले सहा महिने बाळ आईच्याच खोलीत असावं, पण त्याचा बिछाना वेगळा आणि सपाट असावा, त्यात उशा-दुलया नसाव्यात. यामागे झोपेत अचानक होणाऱ्या मृत्यूंचा अभ्यास आहे. मऊ गादी, सोफा, सिगारेट, दारू, यांनी धोका वाढतो. सतरंजी-गोधडीवर झोपणारं घर आणि मेमरी फोमच्या गादीवर झोपणारं घर, दोन्हीकडे ‘कुशीत’ या शब्दाचा अर्थ सारखा राहत नाही.

झोपेबद्दल आणखी एक. नेदरलँड्सच्या आईला ना एकटेपणाची भीती ना परावलंबनाची. तिला भीती बाळ थकून जाईल याची. विश्रांती, स्वच्छता आणि ठरलेली वेळ, अशी तिथल्या संगोपनाची जुनी त्रिसूत्री आहे. चार्ल्स सुपर आणि सारा हार्कनेस या संशोधक जोडप्याला आढळलं, की सहा महिन्यांची डच बाळं दिवसाचे सुमारे पंधरा तास झोपत, अमेरिकी बाळं तेरा. दोन्ही श्रीमंत, गोरे, शिकलेले, पाश्चात्य देश. ‘वेस्टर्न पेरेंटिंग’ नावाची एकच एक वस्तू तिकडे असते असा आपला समज आहे, तो मोडायला हे दोन तास पुरेसे आहेत.

आता तो डॉक्टरांच्या क्लिनिकमधला तक्ता. अमुक महिन्यांत मान धरेल, अमुकमध्ये बसेल, रांगेल, चालेल. आईबाप त्याकडे रिझल्टसारखं बघतात. याच सुपरने केनियातल्या किपसिगिस समाजात पाहिलं, की तिथली बाळं अमेरिकी बाळांच्या आधी बसतात आणि चालतात, कारण घरचे शिकवतात. जमिनीत छोटासा खड्डा करून, बाजूने गोधड्यांचे लोड लावून बाळाला बसवण्याची तिथे पद्धत. रांगायला कोणी शिकवत नाही, तर रांगण्यात ती बाळं पुढे नाहीत. याच्या दुसऱ्या टोकाला पॅराग्वेच्या जंगलातले आचे लोक. जंगलात खाली साप, किडे, काटे. मूल आईच्या अंगावरून उतरतच नाही, आणि दोन वर्षांच्या आसपास चालायला लागतं. ऐरोलीत अशा मुलाला घेऊन आईबाप तीन स्पेशालिस्ट फिरले असते. हीच आचे मुलं पुढे दहाव्या वर्षाच्या आत उंच झाडांवर सरसर चढतात.

जागतिक आरोग्य संघटनेने घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांत मुलं पाहून २००६ साली जे जाहीर केलं, त्यात एकट्याने चालू लागण्याची मुभा साधारण सव्वाआठ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत आहे. काही निरोगी मुलं तर गुडघ्यांवर रांगतच नाहीत, थेट उभी राहतात. तेव्हा शेजारच्या सोसायटीतलं मूल अकराव्या महिन्यात चाललं म्हणून वॉकर आणायला धावू नये. मुभेच्या पलीकडे गेलं तर मात्र डॉक्टरांना दाखवायचंच, तिथे आचे लोकांचा दाखला चालणार नाही. आपल्या घराच्या फरशीवर साप नसतात.

बोलण्याचंही तसंच. पापुआ न्यू गिनीतल्या कालुली समाजात तान्ह्या बाळाशी गप्पा मारत नाहीत. त्याला समजत नाही, मग बोलायचं काय? आई बाळाचं तोंड लोकांकडे करून धरते आणि बाळाच्या वतीने बारीक आवाजात मोठ्या भावंडांशी बोलते. सामोआतही मोठी माणसं बोबडं बोलत नाहीत. तिथली मुलं बोलायला शिकतात, चोख शिकतात. आपल्याकडच्या मावश्या-आत्या बाळाला हातात नाचवत ‘मी नाई बाई जेवनाल, मला चिऊ दाखवा’ असं त्याच्या वतीने बोलतात, ती पद्धत या दोहोंच्या अध्येमध्ये कुठेतरी येते.

इथपर्यंत आल्यावर कोणीही म्हणेल, की ठीक आहे, वेगवेगळ्या वाटांनी सगळी मुलं शेवटी सारखीच होतात. तसंही नाही. जे पेरलं ते थोडंफार उगवतंच. चार वर्षांच्या मुलापुढे खाऊ ठेवायचा आणि सांगायचं, मी येईपर्यंत थांबलास तर दुसरा मिळेल. ही परीक्षा जर्मनीतल्या मध्यमवर्गीय मुलांची आणि कॅमेरूनमधल्या न्सो शेतकऱ्यांच्या मुलांची घेतली. थांबायचं होतं दहा मिनिटं. न्सो मुलांतली सुमारे ७० टक्के थांबली, जर्मन मुलांतली २८ टक्के. जर्मन मुलं चुळबुळ करत होती, गाणी म्हणत होती, पाठ फिरवून बसत होती. न्सो मुलं शांत बसली होती, काही तर चक्क झोपली. न्सो आईची अपेक्षाच तशी असते : मुलाने मोठ्यांचं ऐकावं, मन आवरावं. उलट, आरशात दिसतं ते मूल म्हणजे आपणच, हे जर्मन मुलं आधी ओळखतात. ‘तुला काय हवंय? लाल कप की निळा?’ असं दिवसातून वीसदा विचारलं जाणारं मूल स्वतःला लवकर ओळखणारच. दोन्ही एकदम, पहिल्या दोन वर्षांत, पूर्ण मिळेल असं संगोपन निदान या अभ्यासांत कुठे सापडलेलं नाही.

ऐरोलीच्या त्या वहीतला घोळ इथे आहे. ‘निवड त्याला करू दे’ आणि ‘सांगितलं की लगेच ऐकलं पाहिजे’ या दोन्ही सूचना एकाच पानावर, एकाच अक्षरात लिहिलेल्या मी पाहिल्या.

मुलांना दिलेल्या कामांचा परिणाम तर फारच स्पष्ट दिसतो. १९५० च्या दशकात बिअॅट्रिस आणि जॉन व्हायटिंग यांनी सहा समाजांतली मुलं एकाच पद्धतीने पाहिली : केनिया, मेक्सिको, फिलिपाइन्स, जपानचं ओकिनावा, अमेरिका आणि भारत. भारतातलं गाव होतं उत्तर प्रदेशातलं, अभ्यासात त्याचं नाव खलापूर. आपल्या रायगडातलं खालापूर नव्हे. राजपूत वस्ती, बायका पडद्यात. जी मुलं पाणी आणतात, लाकडं गोळा करतात, धाकट्याला सांभाळतात, ती दुसऱ्याला मदत करायला आपणहून पुढे होतात; ज्यांना काम नाही ती लक्ष वेधून घेतात आणि हुकूम सोडतात, असं दिसलं. आता अंदाज करा, खलापूरची मुलं कोणत्या गटात? आपण छातीठोक सांगू, की आफ्रिकेबरोबर, ‘पूर्वेकडच्या कुटुंबवत्सल’ गटात. ती निघाली अमेरिकी मुलांच्या गटात! जमीनदार जात, हाताखाली राबणारी माणसं, मुलग्यांना काम कशाला? देश किंवा धर्म यापेक्षा घरातली कामं कोण करतं, यावर जास्त ठरलं.

नवी मुंबईत हा फरक बघायला रस्ता ओलांडला की पुरे. १९७० साली सिडको स्थापन झाली, शहरासाठी पंच्याण्णव गावांची जमीन घेतली गेली. गावं तिथेच राहिली, त्यांच्याभोवती सेक्टर उगवले. आज एका बाजूला आगरी-कोळी गावठाण, दुसऱ्या बाजूला गेटवर रजिस्टर ठेवलेली सोसायटी. गावठाणात आठ वर्षांची मुलगी भावाला कडेवर घेऊन दुकानातून मीठ आणते, वाटेत चार काकू तिला हटकतात. सोसायटीतला आठ वर्षांचा मुलगा स्केटिंग, अबॅकस आणि रोबोटिक्स करून येतो, पाण्याची बाटली आजोबांच्या हातात.

अमेरिकेत अॅनेट लारो या समाजशास्त्रज्ञ बाईंनी घराघरांत बसून हेच पाहिलं. मध्यमवर्गीय घरात मूल म्हणजे घडवायचा प्रकल्प, दर संध्याकाळी कुठलातरी क्लास. कष्टकरी घरात मूल आपसूक वाढतं. खायला-ल्यायला द्यावं, मर्यादा सांगाव्यात, बाकी ते भावंडांत खेळून शिकतं. आणि काळ्या मध्यमवर्गीय घराची रीत काळ्या कष्टकरी घरापेक्षा गोऱ्या मध्यमवर्गीय घराशी जास्त जुळत होती. भीती पुन्हा तीच : नोकरीच्या बाजारात उतरल्यावर मुलाकडे दाखवायला काही नसेल तर?

गावठाणाचे गोडवे गायचं कारण नाही. भावाला कडेवर घेणारी मुलगीच असते, मुलगा त्या वेळी क्रिकेट खेळत असतो, आणि परीक्षेच्या दिवसांतही कड तिचीच. तिला जबाबदारीची जाण लवकर येते हे खरं. किंमतही तीच मोजते.

या सगळ्याला एक इशारा जोडायला हवा, नाहीतर हा लेख ‘जपानी आई मुलावर कधीच ओरडत नाही’ छापाच्या व्हॉट्सअॅप फॉरवर्डसारखा होईल. आई थोडा वेळ खोलीबाहेर गेली आणि परत आली, की वर्षाचं मूल कसं वागतं, ही मानसशास्त्रातली एक गाजलेली चाचणी आहे. आठ देशांतले असे बत्तीस अभ्यास १९८८ साली एकत्र मांडून बघितले, तेव्हा देशादेशांतल्या फरकापेक्षा एकेका देशाच्या आतला फरक सुमारे दीडपट निघाला. दोन जपानी आयांत जितकं अंतर पडू शकतं, तितकं जपानी आणि अमेरिकी सरासरीत नसतं. आणि ज्या अभ्यासांवरून ‘मुलांना असं लागतं’ म्हणून आपल्याला सांगतात, त्यातले बहुतेक युरोप-अमेरिकेतल्या शिकल्यासवरलेल्या घरांतच झालेले आहेत. सल्ला वाचताना तो कुणाच्या घरात बसून लिहिलाय, हे बघायला हरकत नाही.

मग मारणं हीसुद्धा ज्याची त्याची संस्कृती का? पाच वर्षं लाड, पुढची दहा वर्षं ताडन, सोळाव्या वर्षी मित्र, ही आपली जुनी वाटणी लोक अजून सांगतात. माझं मत स्पष्ट आहे : भीती समजून घेता येते, पण तिच्यापायी मुलाला दुखापत करायला सूट मिळत नाही. स्वीडनमध्येही एके काळी मुलांना सर्रास फटके मिळत. १९७९ साली त्या देशाने घरातल्या मारावरही कायद्याने बंदी घातली, जगात पहिल्यांदा, आणि ही माहिती दुधाच्या खोक्यांवर छापून सकाळच्या न्याहारीच्या टेबलावर पोचवली. जपानने २०२० मध्ये बंदी घातली, आपल्या शेजारच्या नेपाळने २०१८ मध्ये. भारतात शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शाळेतली शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ बंद झाला. घरासाठी स्वीडनसारखी सरसकट बंदी नाही. ‘आमच्या रक्तातच आहे’ म्हणणाऱ्यांनी स्वीडिश आजोबांना विचारावं.

सगळ्यांत कमी लक्ष जातं ते रस्त्याकडे. जपानमध्ये सहा-सात वर्षांची मुलं आपापली शाळेत चालत जातात, डच मुलं सायकलवर फिरतात, हे बघून आपल्याकडचे लोक तिथल्या आयांच्या धीराचं कौतुक करतात. धीर आईच्या एकटीच्या जिवावर येत नाही. जपानी मुलं ठरलेल्या वाटेने, बऱ्याच ठिकाणी घोळक्याने जातात, चौकाचौकांत मोठी माणसं झेंडे घेऊन उभी असतात. नेदरलँड्समध्ये १९७१ साली वाहनांखाली चारशेहून जास्त मुलं मेली. आईबाप रस्त्यावर उतरले, ‘मुलांची हत्या थांबवा’ या नावाने मोठं आंदोलन उभं राहिलं. १९७६ मध्ये तिथे वस्तीतल्या अशा रस्त्यांना कायद्याने मान्यता मिळाली, जिथे मूल रस्त्याच्या मधोमध खेळू शकतं आणि गाडीने माणसाच्या चालीने जायचं.

गाडीखाली येण्याची भीती डच आईबापांना होती तशीच आपल्यालाही आहे. त्यांनी बंधन गाडीवर घातलं. आपल्याकडच्या सोसायटीच्या बोर्डावरची नोटीस बघा : ‘पार्किंगमध्ये मुलांनी खेळू नये, गाडीचं नुकसान झाल्यास पालकांकडून भरपाई घेतली जाईल.’ गावठाणाच्या बोळांत मुलं संध्याकाळभर खेळतात, याला तिथल्या आयांचा स्वभाव जेवढा कारण, तेवढंच हेही कारण, की त्या बोळांत चारचाकी शिरत नाही. सेक्टरमधली मुलं पंधरा मिनिटांच्या वाटेवरच्या शाळेला व्हॅनने जातात, कारण मधला सहा पदरी रस्ता ओलांडायला मोठ्या माणसालाही हात दाखवत पळावं लागतं. त्या रस्त्यावर सिग्नल आणि उंचवट्याचं क्रॉसिंग आलं, तर त्यातली निम्मी मुलं वर्षभरात चालत जाऊ लागतील, असा माझा अंदाज आहे. कुठल्याही आईला तेवढ्यासाठी जपानी व्हावं लागणार नाही.